सकाळी पाटी, रात्री परीक्षा: प्राचीन ग्रीकांची शाळा आणि जेवण

बर्लिनच्या संग्रहालयात मातीचा एक पसरट प्याला आहे. दोन बाजूंना दोन कान, खाली बैठक, काळ्या रंगावर लालसर आकृत्या. अथेन्सच्या दूरिस नावाच्या चित्रकाराने तो इ.स.पू. ४८५च्या आसपास रंगवला. सापडला मात्र इटलीत, चेर्वेतेरी इथे. प्याल्याच्या बाहेरच्या अंगावर शाळा भरली आहे. एक दाढीवाले मास्तर बसलेत, समोर मुलगा बसलाय आणि दोघांच्या हातात लायर हे तंतुवाद्य आहे. शेजारी दुसरे मास्तर पपायरसची गुंडाळी उलगडून धरतात आणि एक पोरगं अंगभर वस्त्र लपेटून त्यांच्यापुढे ताठ उभं आहे. गुंडाळीवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात: स्कामांद्र नदीचं गाणं सुरू करताना काव्यदेवतेला घातलेली साद. चित्राच्या टोकाला हातात काठी घेतलेला एक माणूस पायावर पाय टाकून, मान वळवून सगळं बघतोय. तो मास्तर नाही. त्याच्याकडे येऊच.

आता हा प्याला कशासाठी? वाइन पिण्यासाठी. आपल्या ओळखीतल्या कुणी दारूच्या ग्लासावर पहिलीचा वर्ग रंगवून घेतला, तर आपण त्याच्याकडे जरा संशयानेच बघू. अथेन्सच्या माणसाला मात्र त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लहानपणी शाळेत जे घोटून घेतलं जायचं, त्याचा खरा कस लागायचा तो मोठेपणी, रात्रीची जेवणं उरकल्यावर, हातात असा प्याला असताना. स्पार्टात तर त्याहून पुढची गोष्ट: तिथे जेवणाची खोली हीच शाळा होती. त्यामुळे ग्रीकांची शाळा समजून घ्यायची, तर तिच्या जोडीने त्यांचं ताटही बघावं लागतं.

आधी एक खुलासा. प्राचीन ग्रीस हा एक देश नव्हता. शेकडो स्वतंत्र नगरराज्यं होती, प्रत्येकाचे कायदे वेगळे, देव तेच पण सण वेगळे. इथे बोलणं आहे ते मुख्यतः इ.स.पू. पाचव्या आणि चौथ्या शतकांतल्या अथेन्स आणि स्पार्टाबद्दल, आणि तेही बहुतांशी नागरिकांच्या मुलांबद्दल. गुलामांची पोरं या चित्रात नाहीत. त्यांचे आईबाप आहेत, काम करताना.

काठीवाला माणूस

प्याल्यावरचा तो काठीवाला म्हणजे पायदागोगोस. शब्दाचा अर्थ 'मुलाला नेणारा'. इंग्रजीतला पेडॅगॉजी हा भारदस्त शब्द त्याच्यावरून आला, पण मूळचा पायदागोगोस हा घरचा गुलाम. सकाळी मुलाला शाळेत न्यायचं, तो शिकत असताना तिथेच बसून राहायचं, परत आणायचं, रस्त्यात कुणी नको ते बोललं तर आडवं यायचं आणि पोरगं वाह्यातपणा करायला लागलं तर काठी दाखवायची. या कामासाठी घरातला सगळ्यांत हुशार गुलाम निवडत असतील असं आपल्याला वाटेल. पण पेरिक्लिससारख्या नेत्याने आपल्या देखरेखीखालच्या अल्किबियाडिससाठी झोपिरस नावाचा थ्रेसचा गुलाम नेमला होता, आणि तो म्हातारपणामुळे बाकी कुठल्या कामाचा उरला नव्हता.

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस लिसिस नावाच्या चांगल्या घरच्या मुलाला विचारतो, तुझ्यावर हुकूम कोण चालवतं? हा माझा पायदागोगोस, मुलगा म्हणतो. गुलाम आहे ना तो? हो, आमचाच. मग स्वतंत्र माणसाने गुलामाचं ऐकायचं हे अजबच, असा चिमटा सॉक्रेटिस काढतो. गप्पा रंगात आलेल्या असताना हेच पायदागोगोस येऊन उभे राहतात आणि चला, उशीर झाला, घरी चला म्हणून आपल्या मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये ओरडायला लागतात. सणाचा दिवस, त्यांनीही थोडी घेतलेली. तत्त्वज्ञानाची बैठक मोडते आणि मुलं निमूट घरी जातात.

मुलगा साधारण सातव्या वर्षी शाळेत जायला लागायचा. शाळा सरकारी नव्हती. मास्तर आपल्या घरात किंवा भाड्याच्या जागेत वर्ग घ्यायचे आणि महिन्याच्या महिन्याला फी मागायचे. सरकारचा संबंध फक्त बंधनं घालण्यापुरता. सूर्य उगवण्याआधी शाळा उघडायची नाही आणि मावळायच्या आत बंद करायची, असा कायदा अथेन्समध्ये होता. अंधारात मुलं मास्तरांच्या हवाली असू नयेत हा त्यामागचा हेतू. आपली 'शाळा' संस्कृतातल्या शालेवरून आली. इंग्रजी स्कूल आलं ग्रीक 'स्खोले'वरून, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ फुरसत! पोटापाण्याच्या कामातून ज्याला सवड आहे, त्यानेच शिकायचं. पण ग्रीकांकडून आपल्याकडे काहीच आलं नाही असंही नाही. ही फी द्राख्मा नावाच्या नाण्यात मोजली जायची. द्राख्माचं संस्कृतात द्रम्म झालं आणि द्रम्माचा आपला दाम.

बीटा-आल्फा बा

मास्तर तीन प्रकारचे. अक्षरं शिकवणारा ग्रामातिस्तेस, लायर शिकवणारा किथारिस्तेस आणि कुस्ती-व्यायाम करून घेणारा पायदोत्रिबेस. तिघांची ठिकाणं बहुधा वेगवेगळी, म्हणजे पायदागोगोसाची पायपीट आलीच.

अक्षर गिरवायला मेणाची पाटी असायची. लाकडी फळीला खोलगट करून त्यात मेणाचा थर. लेखणीचं एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं. टोकाने कोरायचं आणि चुकलं की चपट्या बाजूने मेण सपाट करून टाकायचं. ज्याचा हात बसलेला नाही त्याला मास्तर आधी रेषा आखून द्यायचे. अक्षरं पाठ झाली की त्यांच्या जोड्या घोकायच्या: बीटा-आल्फा बा, बीटा-एप्सिलॉन बे. बाराखडी घोकलेल्या कुणालाही हा सूर ओळखीचा वाटेल. एका विनोदी कवीने तर अक्षरांनाच पात्रं करून असल्या जोड्या समूहगानात घातल्या होत्या.

वाचता यायला लागलं की कविता. समजून घ्यायच्या, आणि त्याहून जास्त पाठ करायच्या. सगळ्यांच्या वर होमर. इलियडच्या जवळपास पंधरा-सोळा हजार ओळी, ओडिसीच्या बारा हजारांवर. निकेरातोस नावाच्या एका श्रीमंत घरच्या माणसाकडून त्याच्या वडिलांनी दोन्ही महाकाव्यं मुखोद्गत करून घेतली होती. या निकेरातोसाला लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

शिकवणाऱ्याला मान किती? अक्षरमास्तराला फारसा नाही. डेमॉस्थेनिस या अथेन्सच्या नामांकित वक्त्याने इ.स.पू. ३३० मध्ये भर न्यायसभेत आपला वैरी आयस्खिनिस याला हिणवलं ते असं: तू लहानपणी बापाच्या शाळेत शाई घोटायचास, बाकं पुसायचास, पायदागोगोसांची खोली झाडायचास. तू अक्षरं शिकवायचास, मी शाळेत शिकायला जायचो! मास्तराचा मुलगा असणं ही हिणवायची गोष्ट होती, हे यातून कळतं. चिकट पालकही तेव्हापासूनचे. थिओफ्रास्टस या लेखकाने रंगवलेला कंजूष माणूस, पोरगं आजारी पडून शाळेत गेलं नाही तर तेवढे दिवस फीमधून कापतो. आणि अँथेस्टेरियोन महिन्यात सणवार फार म्हणून मुलांना महिनाभर पाठवतच नाही, फुकट पैसे कशाला भरा?

त्याच्या उलट हेरोदास या कवीच्या एका छोट्या नाट्यप्रवेशातली आई. ती आपल्या कोत्तालोस नावाच्या पोराला मास्तरांकडे ओढत आणते, याला फोडून काढा म्हणून. दर महिन्याला मी कष्टाने मेण भरून देते ती पाटी भिंतीकडेला पलंगाच्या खुराशी बेवारशी पडलेली असते, ती सांगते. पोरगं जुगाराच्या अड्ड्यावर. काही बोललं की घर सोडून गरीब आजीकडे पळतं आणि त्या म्हातारीलाच नागवतं, नाहीतर छपरावर माकडासारखं बसून कौलं फोडतं. कौलांची भरपाई आईच्या माथी. आणि महिनाअखेर आली की मास्तरांची फी आहेच. मास्तर बैलाच्या शेपटीचा कोरडा मागवतात आणि पुढे व्हायचं ते होतं. आईचं समाधान मात्र तेवढ्यानेही होत नाही.

एक आकडेवारी मला फार बोलकी वाटते. तेओस या शहरात इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. पोलिथ्रूस नावाच्या माणसाने शिक्षणासाठी ३४,००० द्राख्मा दान दिले आणि त्यातून मास्तरांचे वार्षिक पगार ठरले. अक्षरं शिकवणारे तीन, त्यांना ६००, ५५० आणि ५०० द्राख्मा. व्यायामाचे दोन, प्रत्येकी ५००. लायर शिकवणाऱ्याला ७००. म्हणजे सगळ्यांत जास्त! (या शिलालेखात अक्षरमास्तरांनी मुलांबरोबर मुलींनाही शिकवायचं आहे, हेही सोडून द्यायला नको.) वाजवायला शिकवणारा लिहायला शिकवणाऱ्यापेक्षा महाग का, याचं उत्तर शाळेत मिळत नाही. त्यासाठी जेवायला बसावं लागेल.

भाकरी आणि तोंडी लावणं

ग्रीकांच्या जेवणात दोनच गोष्टी मोजल्या जायच्या: सितोस आणि ऑप्सॉन. इंग्रजीत या दुसऱ्या शब्दाशी झटापट करत बसतात. आपलं काम सोपं आहे. सितोस म्हणजे धान्याचं जे पोटभरीचं ते, आणि ऑप्सॉन म्हणजे तोंडी लावणं. ऑलिव्ह, चीज, कांदा, लसूण, डाळ, भाजी, मासळी, सगळं तोंडी लावणंच. मटण बहुधा देवाला बळी दिला तरच.

धान्यातही दोन पायऱ्या होत्या. अथेन्सच्या आसपासच्या कोरड्या, हलक्या जमिनीत गव्हापेक्षा जव बरा यायचा. गहू मोठ्या प्रमाणावर काळ्या समुद्राकडून जहाजाने यायचा. जव भाजून दळायचा आणि ते पीठ पाण्यात, तेलात किंवा दुधात मळून गोळा करायचा. त्याला माझा म्हणत. भट्टी नको, फुगण्याची वाट बघणं नको. सातूचं पीठ भिजवून खाल्लेल्यांना वेगळं सांगायला नको. गव्हाची, फुगवून भाजलेली भाकरी म्हणजे आर्तोस. सरकारी खर्चाने ज्यांना जेवू घालायचं त्यांना एरवी माझा द्यावा आणि सणाला आर्तोस, असा अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याचा नियम होता म्हणतात.

दिवसाचं वेळापत्रक साधं. सकाळी पाणी न घातलेल्या वाइनमध्ये बुडवलेला भाकरीचा तुकडा. दुपारी हलकंसं आरिस्तोन. संध्याकाळी खरं जेवण, देइप्नोन. होमरच्या काळात आरिस्तोन सकाळी आणि देइप्नोन दुपारी व्हायचं. शब्द तेच राहिले आणि वेळा पुढे सरकल्या.

हाताने खायचं. काटे नव्हते, बोटं भाकरीच्या मऊ गोळ्याला पुसायची आणि तो गोळा कुत्र्याला टाकायचा. पण हाताने खायचं म्हणजे कसंही खायचं असं नाही, आणि शाळा जेवणात शिरते ती इथे. जेवायची रीत शिकवण्याचं काम पुन्हा त्या काठीवाल्याकडेच. प्लुटार्क हा ग्रीक लेखक बराच नंतरचा, रोमन अमलातला, पण तो ही रीत नेमकी सांगतो: खारवलेल्या मासळीला एक बोट लावायचं, ताजी मासळी, भाकरी, मटण दोन बोटांनी घ्यायचं. तोंडी लावणं उजव्या हाताने, भाकरी डाव्या हातात. डावा हात ताटात गेला की आपल्याकडे आजी हातावर चापट मारते. तिथे भाकरी डाव्या हातातच शोभायची, ओरडा बसायचा तो तोंडी लावण्याकडे डावा हात गेला तर.

किती खायचं, हा तर चारित्र्याचाच प्रश्न. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन एक प्रसंग सांगतो. काही मंडळी आपापलं आणून एकत्र जेवत होती आणि एक तरुण भाकरी न घेता नुसतं तोंडी लावणंच मटकावत होता. सॉक्रेटिसने चर्चा सुरू केली: अमक्याला खाबू म्हणतात ते नेमकं कशावरून? तरुणाला कळलं, त्याने भाकरी उचलली. सॉक्रेटिस शेजाऱ्यांना म्हणाला, जरा लक्ष ठेवा, तो भाकरीला लावून हे खातो की ह्याला लावून भाकरी. बोलणं त्या तरुणाचं नाव न घेता, पण ऐकू जाईल असं. याच ऑप्सॉनचा अर्थ पुढे हळूहळू मासळीपुरता उरला. आजच्या ग्रीकमध्ये माशाला 'प्सारी' म्हणतात ते त्यातूनच आलं.

ॲरिस्टोफेनिसच्या 'ढग' या विनोदी नाटकात, इ.स.पू. ४२३ मध्ये, जुन्या वळणाचा एक वक्ता आमच्या वेळची मुलं कशी होती ते सांगतो. एका आळीतली पोरं रांगेत, पांघरूण न घेता लायरच्या मास्तरांकडे जायची, जाड दळलेल्या पिठासारखा बर्फ पडत असला तरी. आणि त्याच दमात तो जेवणावर येतो: मुळ्याचा शेंडा आधी उचलायचा नाही, वडीलधाऱ्यांच्या पुढची शेपू ओढायची नाही, तोंडी लावण्यावर ताव मारायचा नाही, खिदळायचं नाही. शाळा आणि ताट त्याच्या लेखी एकाच शिस्तीची दोन टोकं आहेत. आमच्या वेळी असं नव्हतं हे रडगाणं तेव्हाही प्रेक्षकांना हसवत होतं, हे त्यातलं गमतीचं.

प्याला फिरतो, गाणं फिरतं

देइप्नोन संपलं की टेबलं उचलली जायची, हात धुतले जायचे, शुद्ध वाइनचे दोन थेंब देवाला, एक स्तोत्र, आणि मग बैठक सुरू. हेच सिंपोजियम; शब्दाचा अर्थ 'एकत्र पिणं'. आज ज्या नावाखाली वातानुकूलित सभागृहात निबंध वाचले जातात, ते हेच नाव. वाइन मोठ्या भांड्यात पाणी घालून सौम्य करायची, पाणी बहुधा वाइनपेक्षा जास्त. निर्भेळ पिणं हे रानटीपणाचं लक्षण. पुरुष डाव्या कोपरावर रेलून पलंगावर पहुडायचे. घरच्या बायका तिथे नसत. बासरी वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या स्त्रिया पैसे देऊन आणलेल्या. मुलगा आलाच तर तो बसायचा, पहुडायचा नाही. मॅसिडोनियात तर जाळं न लावता रानडुक्कर मारल्याशिवाय पहुडण्याचा मान नव्हता. कसांद्रोस, जो पुढे तिथला राजा झाला, तो पस्तिशीतही बापाशेजारी बसून जेवायचा, कारण डुक्कर काही सापडलं नव्हतं.

या बैठकीत मर्टल नावाच्या झुडपाची डहाळी हातोहात फिरायची. ज्याच्याकडे डहाळी त्याने गायचं, पुढच्याने ते उचलून शोभेल असं कडवं जोडायचं. आपल्या गाण्याच्या भेंड्याच, फक्त अक्षराऐवजी आशय पकडायचा. कुणी लायर हातात दिलं तर साथीला वाजवायचं. शाळेतली पाठ केलेली कविता आणि महागड्या मास्तरांची लायर इथे कामाला यायची, आणि ज्याला येत नाही तो चारचौघांत उघडा पडायचा. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लिस, ज्याच्या डोक्याने इराणविरुद्धची सलामिसची लढाई जिंकली, त्यालाही हा टोमणा बसला. जेवणात पुढे आलेलं लायर त्याने नाकारलं म्हणून लोक त्याला अर्धशिक्षित समजले. मला लायर जुळवता येत नाही, पण लहान शहर हाती द्या, मोठं करून दाखवतो, असं त्याचं उत्तर प्लुटार्क देतो. उत्तर झकास आहे, पण असं उत्तर द्यायची वेळ आली हे विसरता येत नाही.

'गांधीलमाश्या' या ॲरिस्टोफेनिसच्याच नाटकात मुलगा बापाला बड्यांच्या बैठकीसाठी तयार करतो. गुडघे असे लांब करा, गालिच्यावर सैल पसरा. मग एखाद्या काशाच्या भांड्याची तारीफ करा, छताकडे बघा, पडदे काय सुंदर आहेत म्हणा. मग गाण्याची तालीम. मुलगा ओळ टाकतो, बाप भलतीच ओळ जोडतो. उतारवयातली ही शाळा सपशेल फसते.

'ढग'मध्ये उलटा प्रकार. बापाने मुलाला हौसेने नव्या शिक्षणाला घातलंय. कर्ज बुडवायची विद्या शिकून येईल म्हणून! जेवण झाल्यावर तो मुलाला म्हणतो, लायर घे आणि जुन्या कवी सिमोनिदिसचं ते गाणं म्हण. मुलगा म्हणतो, पिताना लायर वाजवत गाणं? जात्यावर जव दळणाऱ्या बाईसारखं? किती जुनाट. बाप राग गिळून म्हणतो, बरं, डहाळी घेऊन नाटककार एस्किलसचं काही तरी म्हण. त्यालाही नावं ठेवली जातात. शेवट मारामारीत, मार बापाला पडतो. जात्यावर गाणाऱ्या त्या बाईला मुलगा हसला, पण ग्रीकांची दळणाची एक ओवी अजून टिकून आहे: दळ गं जात्या दळ, मितिलेनीचा राजा पित्ताकोसही दळतो. राजाला दळायला बसवणारी ही ओळ आपल्याकडच्या कुठल्याही जात्यावर खपली असती.

आता निकेरातोस. झेनोफनने वर्णिलेल्या एका मेजवानीत, पिरेअस बंदरातल्या कालियासच्या घरी, प्रत्येकाने आपल्याला कशाचा अभिमान आहे ते सांगायचं ठरतं. निकेरातोस म्हणतो, मला सगळा होमर पाठ आहे. त्याचा उपयोग काय? तो सांगतो, लगेच दाखवतो: पेयाबरोबर तोंडी लावायला कांदा, असं होमर म्हणतो. कुणीतरी कांदा आणा, पिण्याची लज्जत वाढेल! इलियडच्या अकराव्या सर्गात नेस्टरपुढे खरोखरच कांदा ठेवला जातो. त्यावर खार्मिदिस म्हणतो, याला कांद्याचा वास घेऊन घरी जायचंय, म्हणजे बायकोची खात्री पटेल की याचा मुका घ्यायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नसणार. सत्तावीस-अठ्ठावीस हजार ओळींचं पाठांतर आणि फळ काय, तर कांदा. हीच त्या बैठकीची मजा होती: जड विद्या हलक्या हाताने, नेमक्या वेळी काढून दाखवायची.

मुलींच्या वाट्याला यातलं फारच थोडं यायचं. झेनोफनच्याच लेखनात इस्खोमाखोस नावाचा गृहस्थ सांगतो, बायको घरात आली तेव्हा पंधराचीही नव्हती. लोकर दिली की वस्त्र विणायचं तेवढं तिला येत होतं, पण पोटाच्या बाबतीत मात्र तिला उत्तम वळण लावलेलं होतं. म्हणजे हावरेपणा नाही. मुलाला जेवणात बोलायला शिकवायचं आणि मुलीला कमी खायला.

जिथे पंगत हीच शाळा

स्पार्टात मुलगा सातव्या वर्षी घरातून उचलला जायचा आणि टोळीत जायचा. टोळीला शब्द होता अगेला, म्हणजे कळप. बाराव्या वर्षापासून वर्षाला एकच पांघरूण, अंथरूण एवरोतास नदीकाठचे बोरू हाताने मोडून केलेलं. अक्षरं गरजेपुरती. खाणं मुद्दाम कमी. उरलेलं चोरून मिळवायचं, आणि पकडलं गेलं तर मार चोरीबद्दल नाही, कच्च्या चोरीबद्दल.

मोठ्या पुरुषांनी रोज रात्री घरी न जेवता साधारण पंधरा जणांच्या मंडळात जेवायचं. प्रत्येकाने महिन्याला जवाचं पीठ, वाइन, दोन-तीन किलो चीज, अंजीर आणि तोंडी लावण्यासाठी किरकोळ पैसे द्यायचे. नवा सभासद घ्यायचा तर मतदान भाकरीच्या गोळीने: वाढपी डोक्यावर भांडं घेऊन फिरायचा, हवा असेल तर गोळी तशीच टाकायची, नको असेल तर चिमटून चपटी. एक चपटी निघाली तरी माणूस बाद. वर्गणी थकली तर नागरिकत्वच जायचं, आणि हे गरिबांवर अन्याय करणारं आहे असं ॲरिस्टॉटलने स्पष्ट म्हटलं आहे. क्रीटमध्ये हाच खर्च सार्वजनिक खजिन्यातून व्हायचा. पदार्थांत प्रसिद्ध तो काळा रस्सा. पाँटसच्या एका राजाने त्यासाठी स्पार्टन आचारी विकत घेतला, चाखला आणि तोंड वाकडं केलं. महाराज, आचारी म्हणाला, हा रस्सा एवरोतासमध्ये आंघोळ करून खायचा असतो.

मुलांना या जेवणांना शाळेत न्यावं तसं नेलं जायचं, असं प्लुटार्क सरळच लिहितो. राजकारणाच्या गप्पा ऐकायच्या, चेष्टा करायला आणि झालेली सोसायला शिकायचं. आत येणाऱ्याला सगळ्यांत वडील माणूस दाराकडे बोट दाखवून सांगायचा, इथला शब्द यातून बाहेर जात नाही. मुलांच्या टोळीतही जेवणानंतर वर्ग भरायचा. वीस वर्षांचा म्होरक्या पहुडलेला, तो एकाला गायला सांगायचा आणि दुसऱ्याला विचारायचा, गावात सगळ्यांत चांगला माणूस कोण? उत्तर तोलून, कारणासकट आणि चार शब्दांत हवं. गुळमुळीत बोललं की म्होरक्या त्याचा अंगठा चावायचा.

याच खोल्यांत कधी कधी हेलटांना, म्हणजे ज्यांच्या राबण्यावर ही सगळी वर्गणी उभी होती त्या शेतगुलामांना, निर्भेळ दारू पाजून आणलं जायचं. दारू चढलेला माणूस कसा दिसतो ते तरुणांना दाखवायला. हाही धडाच होता.

अथेन्सवाल्यांना स्पार्टाची ही रीत रासवट वाटायची आणि स्पार्टावाल्यांना अथेन्सची बडबडी. पण पोराला खायला घालणं आणि शिकवणं या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात, असं दोघांनाही वाटलं नाही. इ.स.पू. ४८० च्या उन्हाळ्याअखेर इराणच्या झर्क्सिसची फौज चालून आली तेव्हा अथेन्स रिकामं करावं लागलं. बायका-मुलांपैकी बरीच जणं आखातापलीकडच्या त्रोइझेन या लहानशा गावात गेली. गावाने बैठक घेऊन ठराव केला: या लोकांना गावाच्या खर्चाने पोसायचं, माणशी दोन ओबोल, म्हणजे दोन लहान नाणी, द्यायची. मुलांनी कुणाच्याही बागेतली पिकलेली फळं तोडली तरी चालेल. आणि त्यांच्या मास्तरांची फी गाव भरेल. ठराव मांडणाऱ्याचं नाव निकागोरस होतं.